दोन वाटे साग, एक वाटा तुती

वरवे बुद्रुक
६ जुलै १९९७

एहसान,

तुझं पाकीट मिळालं. आत तुझं पत्र अर्धं पान, आणि सागवाल्या कंपनीची चोपडी मात्र जाडजूड, गुळगुळीत, रंगीत. बहिणीची तब्येत विचारायला तुला पत्रात जागा पुरली नाही, पण त्या चोपडीत जागोजाग लाल पेनाने रेघा ओढायला सवड झाली. म्हणून मीही सलाम-दुआ बाजूला ठेवते आणि सरळ सांगते. वाचून मला शिसारी आली.

तू लिहितोस, 'तुती म्हणजे हमाली, साग म्हणजे पेन्शन.' हडपसरला टायरच्या दुकानात खुर्चीवर बसून असं लिहायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायच्या. अरे, सागाला कष्ट कमी हे मलाही ठाऊक आहे. पावसाच्या तोंडावर जडी, म्हणजे रोपाचा मुळासकट खुंट, खोचायची, पहिली काही वर्षं भोवतीचं गवत काढायचं, बाजूचे फुटवे छाटायचे म्हणजे खोड सरळ वर जातं, उन्हाळ्यात वणवा जपायचा, आणि मग झोपायचं. पण वीस-पंचवीस वर्षं झोपायचं! तोवर मी आणि फिजाने खायचं काय, सागाची पानं? ती तर शेळीसुद्धा हुंगून सोडून देते.

तुतीचं तसं नाही. तुती हमाली करून घेते, हे खरं. छाटा, खत घाला, पाणी द्या, पाला कापा, की पुन्हा फुटते. पण तिचं काही म्हणून वाया जात नाही. पाला रेशमाचे किडे खातात, त्यांनी टाकलेलं शेळ्या खातात, वाळक्या काड्या चुलीत जातात, किड्यांची विष्ठा परत शेतात जाते. आणि फळं शाळेतली पोरं खातात. जांभळी तोंडं घेऊन माझ्यासमोर उभी राहतात आणि म्हणतात, "आमी न्हाई खाल्ली."

तुझी चोपडी मी जाईबाईला वाचून दाखवली. जाईबाई म्हणजे बौद्धवाड्यातली, माझ्याबरोबर पाल्याला असते ती. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, जन्म सागात गेलेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपा, झाड चांगलं हाय वो. पर त्ये म्हाताऱ्यानं लावावं आन् नातवानं तोडावं. त्येच्यावर आजची चूल पेटत न्हाई." मग ती पाला कापायला गेली. त्या कंपनीतल्या कोटवाल्यांपेक्षा मला तिचं पटलं.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. 'विहिरीखालची तुती काढून टाक, सगळीकडे एकसारखा साग लावू.' एहसान, अब्बांच्या जमिनीत तुझे दोन वाटे आणि माझा एक. हा हिशोब मी मांडलेला नाही, तो आपल्या दीनात आहे, आणि अब्बा जाताना तोच सांगून गेले. मोहसीन वारल्यावर मी पोर कडेवर घेऊन वेल्ह्याहून माहेरी आले, तेव्हा विहिरीखालचा पट्टा त्यांनीच मला दाखवला. तुझ्या दोन वाट्यांत तू साग लाव नाहीतर चंदन लाव. माझ्या एकात तुती राहील. ती उपटली तर मला आणि फिजाला या गावात राहायला काही आधारच राहणार नाही.

तुझी
खुर्शिदाआपा


१९ ऑक्टोबर १९९७

एहसान,

तू साग लावून गेलास त्याला आता दोन-अडीच महिने झाले. पोहोचल्याचं पत्र नाही. तेव्हा मीच लिहिते, म्हणजे मनातलं बाहेर पडेल आणि मला नीट जेवण जाईल.

टेम्पोभर जड्या आल्या, माणसं आली, तू छत्री धरून बांधावर उभा राहिलास. चिखल बुटाला लागू नये म्हणून एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पाय टाकत होतास. तोही भाग सोडून देऊ. पण मी सांगितलं की बाबा, माझ्या बांधापासून जरा अंतर राखून लाव, मधे बैल फिरेल एवढी वाट सोड, सागाची मुळं उद्या माझ्या तुतीत शिरतील. तर तू त्या माणसांसमोर हसून काय म्हणालास? "आपा, मुळं येईपर्यंत तुझे किडे मरून जातील." ती माणसंही हसली. आणि शेवटची ओळ अगदी बांधाला खेटून लावलीस.

तुझ्या बायकोबद्दल, समीनाबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. माझ्या हातचा चहा तिने घेतला नाही. "मला चालत न्हाई आता चहा," म्हणाली, आणि नंतर शेजारच्या कुंडलिकच्या घरी जाऊन प्याली. कुंडलिकच्या बायकोनेच मला सांगितलं. मी किड्यांना हात लावते म्हणून माझ्या हाताची किळस. मला वाईट वाटलं, पण मी तिला दोष देत नाही. खरं सांगते, पहिल्यांदा किडे घरात आणले तेव्हा मलाही अंगावर काटा आला होता. पांढरे, लिबलिबीत, थंडगार. फिजा तर आठवडाभर मला चिकटेना. पण ही किळस हात धुतला की जाते. आणि हात तर आम्ही एवढे धुतो की कातडी सोलते, कारण या किड्यांना आपली घाण सोसत नाही. तंबाखू, धूर, अत्तर, औषधाचा वास, काही म्हणजे काही चालत नाही. जाईबाईने जन्मभराची मिसरी टाकली. "नवऱ्यापायी सोडली न्हाई, ती म्या किड्यांपायी सोडली," असं सगळ्यांना सांगत फिरते.

तेव्हा समीनाला सांग, वहिनी, आमच्या घरात तुमच्या घरापेक्षा जास्त वेळा साबण लागतो.

आपा


२१ नोव्हेंबर १९९९

एहसान,

अब्बांच्या बरसीला तुम्ही आलात, फातिहा झाला, पाहुणे जेवून गेले, तुम्हीही गेलात. मी तोंडातून शब्द काढला नाही. मयताच्या नावाने आलेल्या माणसांसमोर भांडायचं नाही, एवढं अब्बांनी शिकवलं होतं. आता पाहुणे नाहीत.

जे झालं ते तुझ्या कानावर कसं घातलं गेलं ते मला माहीत नाही, म्हणून मी पाहिलं तसं लिहिते. किडे शेवटच्या खाण्यावर होते. तू घरामागच्या किड्यांच्या शेडच्या दारात कधी उभा राहिला नाहीस म्हणून सांगते, त्या वेळी ते असे खातात की कौलावर भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. आणखी थोडे दिवस, आणि त्यांना बांबूच्या चटईवर, चंद्रिकेवर चढवायचं, की ते कोष विणायला लागतात. मी आणि जाईबाई दुपारचा पाला कापायला विहिरीखाली गेलो होतो. घरात समीना होती. शेडमधून येणारा वास तिला सोसेना, आणि पाहुणे तर यायचे होते. तिने लोबान पेटवला, लोबानदाणी उचलून शेडमध्ये नेऊन ठेवली आणि धूर बाहेर जाऊ नये म्हणून बाहेरून दार ओढून घेतलं. जागा पाक व्हावी म्हणून.

आम्ही पाल्याचे भारे घेऊन आलो तर तो पावसाचा आवाज बंद होता. दार उघडलं. आत धूर इतका की रॅक दिसेनात. किडे माना वर करून हलत होते, तोंडातून हिरवं पाणी गळत होतं, आणि एकेक करून पानावरून खाली पडत होते. जाईबाईने लोबानदाणी पदराने धरून अंगणात भिरकावली. आम्ही खिडक्या उघडल्या, ताजा पाला घातला, पण कुणी तोंड लावेना. थोडे जगले. त्यांनी विणले ते कोष कांद्याच्या सालीसारखे पातळ निघाले.

समीना म्हणाली, "मला काय ठाऊक आपा, घरात लोबान घालतात तसा घातला." खोटं बोलत नव्हती ती. दर गुरुवारी लोबान फिरवणारी बाई, तिला ते पुण्याचंच काम वाटलं. दुष्टपणाने केलं असतं तर मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. तिने घाण वाटली म्हणून केलं, आणि घाण वाटली म्हणजे ती जाळून टाकायचा आपल्याला हक्कच आहे असं समजून केलं. त्याचीच मला जास्त किळस येते.

पण हे पत्र समीनासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. आम्ही खड्डा काढून त्यात किडे आणि चुना टाकत होतो. तू आलास, नाकाला रुमाल लावलेला. माझे डोळे बघून म्हणालास, "किड्यांसाठी रडतीस व्हय आपा? हितं अब्बांची बरसी हाय." मी खड्ड्यात चुना टाकत राहिले. आणि मग जाताना, गाडीत बसता बसता, खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणालास, "बघ, सागाला धूर लागत न्हाई."

एवढ्या वर्षांत इतक्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हतास. मी त्या दिवशी ते बरसीचं जेवण पाहुण्यांना वाढलं आणि स्वतः जेवले नाही. लोकांना वाटलं, अब्बांची आठवण आली असेल.

आपा


१४ जानेवारी २०००

एहसान,

हे पत्र साडीबरोबर पाठवते आहे. कुंडलिक भाजीचा टेम्पो घेऊन तुमच्याकडे जातो, त्याच्या हाती दिली आहे. घडी मोडलेली नाही. समीनाला म्हणावं, तपासून घे.

ईदला तुम्ही आलात तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, बरसीच्या वेळचं मनाला लागलं असेल, म्हणून आला. शीरखुर्मा वाढला तर समीनानेही घेतला. मी मनात म्हटलं, चला, निवळलं. मग तू पिशवीतून साडी काढलीस आणि त्याच पिशवीतून हक्कसोडीचा कागद. एका हातात साडी, दुसऱ्या हातात कागद. वर म्हणालास, "सगळ्या बहिनी देतात. शेजारीपाजारी विचार. साडी-चोळी घ्यायची, हक्क सोडायचा, म्हंजे म्हायेर ऱ्हातं. बहिनीनं भावाशी वाटनी करायची नसती."

हक्कसोड. शब्द कसा गोजिरवाणा केलाय बघ लोकांनी. साखरपुडा, ओटीभरण, तशीच हक्कसोड. जणू बाईच्या आयुष्यातला एक समारंभच. नवं लुगडं नेसायचं, पाटावर बसायचं आणि पायाखालची जमीन सोडायची. मग सगळ्यांनी म्हणायचं, बहीण मोठ्या मनाची. आणि जी सोडणार नाही ती हावरी. या बाबतीत आपल्या गावात मशीद, देऊळ आणि विहार यांचं कसं एकमत आहे! एरवी एका पाण्याच्या टाकीवरून भांडतात.

वर तू मौलवीसारखं समजावलंस की भावाचं मन दुखवणं गुनाह आहे. एहसान, पाच वक्त नमाज पढतोस, चांगलं आहे. पण दीनाने मला दिलेला एक वाटा तुझ्या डोळ्यांत खुपतो आणि तुझे दोन मात्र खुपत नाहीत. मी दुसरा वाटा मागितला नाही. मी कधी म्हटलं नाही की मला बरोबरीचा दे. जो आहे तो असू दे एवढंच म्हणते, तरी मी हावरी. अशा दीनदारीचा मला वीट आला आहे.

आणि साडी कुठली आणलीस? रेशमी! समीना ती गालाला लावून दाखवत होती. "शुद्ध रेशीम हाय आपा, हात तर लावून बघा." अरे, ते रेशीम कुठून येतं ते तुम्हाला सांगायला हवं का? त्या किड्याच्या तोंडातली लाळ आहे ती. कोष झाला की उकळत्या पाण्यात टाकतात, आतला जीव आतच शिजतो, मग धागा सुटतो. ते पाणी काय वासाचं असतं ते एकदा येऊन हुंगा. मला हे ठाऊक आहे आणि तरी मी कोष विकते, म्हणून मी स्वतःला फार पाक समजत नाही. पण ती साडी गालाला लावायची आणि किडा दिसला की पदर नाकाला, हे नाकाने कांदे सोलणं मला सोसत नाही. तुतीच्या बदल्यात रेशमाची साडी! हसावं की ओकावं, तेच मला कळेना.

कागदावर सही केलेली नाही. तो चुलीत घातला नाही, साडीच्या घडीत ठेवला आहे.

आपा


२५ ऑगस्ट २००२

एहसान,

तू यायचा बंद झालास. उत्तर नाही, निरोप नाही. ठीक आहे. पण सागाबद्दल कुणी तरी तुला कळवायला हवं म्हणून लिहिते.

तुझ्या सागाला अळी लागली आहे. दर पावसाळ्यात लागते तशीच, पण औंदा जास्त. पानांची नुसती जाळी झाली आहे, चाळणीतून बघितल्यासारखं पलीकडचं आभाळ दिसतं. जाईबाई म्हणाली, "तुमच्या भावालाबी अळीच भेटली की वो!" आम्ही दोघी खूप हसलो. तुझी अळी फुकट खाते. माझी निदान खाल्ल्याचं काहीतरी करून ठेवते.

घाबरू नकोस, साग मरत नाही. पुन्हा पालवी फुटते. मला राग त्या झाडांचा कधीच नव्हता. आता ती माझ्या दुप्पट उंच झाली आहेत, सगळी एका रांगेत, आणि फुलोरा आला की लांबून बांधावर फेस आल्यासारखा दिसतो. पोरं कोवळी पानं हातावर चोळतात आणि लाल हात घेऊन एकमेकांना मेंदी म्हणून दाखवतात. मुळं मात्र माझ्या पट्ट्यात आली. बांधालगतची तुती खुरटली आहे, कितीही खत घातलं तरी तिची पानं बोटाएवढीच.

आणखी एक. तुझा माणूस फुटवे छाटायला येतच नाही, पैसे तेवढे घेऊन जातो. बाजूला फुटवे माजले की खोड वाकडं जातं. शेवटी आम्हीच कोयते घेऊन गेलो आणि छाटले. तुझ्यासाठी नाही. चांगलं झाड डोळ्यांदेखत वाकडं जाताना मला बघवत नाही, एवढंच.

फिजा बारावी झाली. भोरला कॉलेजात जाते, एसटीने. ईदला तुम्ही याल म्हणून शीरखुर्मा जास्तीचा केला होता. झाकून ठेवला, आणि शेवटी जाईबाईच्या नातवंडांना दिला. इतका राग असून मी तो का करून ठेवते, याचीही मला मधूनमधून शिसारी येते.

आपा


३ मे २००५

एहसान,

तुझा फोन आला. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला तर आधी ओळखूच आला नाही. "आपा, बरी हाईस ना," म्हणालास, आणि मी तुझी तब्येत विचारणार होते. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. सगळं ऐकून मी फोन ठेवून दिला. बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या. लिहिताना जरा तरी हात आवरतो.

तर तू तुझे दोन वाटे विकतोस. पुण्याचा कुणी साहेब आहे, त्याला हायवेजवळ फार्महाऊस हवं आहे. साग बघून तो भाळला. तो तोडायचा नाही म्हणतो, मधली थोडी झाडं काढून बंगला बांधायचा आणि उरलेल्या सागात झोपाळा टांगायचा. वाहवा. साग म्हणजे पेन्शन म्हणणारा तू, पेन्शनीला लागतात तेवढी वर्षंही थांबला नाहीस. नातवाने तोडायचं झाड तू पोरवयात विकतोस. त्या लाल रेघांच्या चोपडीवर मी किती जीव जाळला! तुला ना साग हवा होता, ना तुती नको होती. तुला फक्त जमीन एकठोक हवी होती, आणि झाडाचं नाव पुढे केलंस.

मग तू म्हणालास, "तुझा पट्टाबी घालू यात. साहेब म्हनतो, विहीर असंल तर बरं. तू आन् फिजा पुण्याला या, एक खोली बघू." माझ्या विहिरीवर त्याचा झोपाळा आणि मी तुझ्या एका खोलीत! समीना माझ्या हातचा चहा पिईल का रे तिथे?

माझं उत्तर नाही. माझ्या पट्ट्याला हात लावायचा नाही. पण तुझ्या वाट्याआड मी येणार नाही. साहेबाला सातबारा स्वच्छ हवा असेल, दोघांची नावं एकत्र नको असतील, तर रीतसर वाटप करून घे. दोन तुझे वेगळे, एक माझा वेगळा. मोजणी आण, खुणा रोव. त्या कागदावर मी सही करेन, आणि साडी घेणार नाही. तुझं माझं सगळं संपलं असं तू म्हणशील. म्हण. ज्याला माझा एक वाटा एकदा किड्यांमुळे नकोसा होतो आणि एकदा विहिरीमुळे हवासा होतो, त्याच्याशी आणखी काय ठेवायचं?

आपा


वरवे बुद्रुक
२४ जानेवारी २००६

एहसान,

काल भोरला वाटपपत्र झालं. तू होतास, पण नव्हतास. दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी मी आणि फिजा बसलो, आणि तू बाहेर, मोबाईल कानाला लावून, त्या साहेबाशी बोलत. आत काय झालं ते तुला कळलं नाही. मी सांगणार नव्हते. पण रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून आता सकाळी, किड्यांना पाला घालून झाल्यावर लिहायला बसले आहे.

सकाळपासून मी मनाशी म्हणत होते की आज सुटले. तुला कचेरीच्या अंगणात पाहिलं तेव्हाही मला तीच शिसारी आली. पांढरे झालेले तुझे कल्ले, पोट सुटलेलं, आणि तरीही अब्बांसारखंच उभं राहणं, एका पायावर भार टाकून. मला त्याचाही राग आला. म्हटलं, हा अब्बांसारखा उभा राहतोच कशाला?

दस्त लिहिणारा गृहस्थ वयस्क होता, भला वाटला. आधी तुझ्या दोन वाट्यांचं लिहून झालं. मग त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "आता बाईंच्या पट्ट्याची चतुःसीमा घेऊ. चारी बाजूंना कोण कोण आहे ते सांगा. पूर्वेस?"

मी म्हटलं, कुंडलिकची जमीन. त्याने कुंडलिकचं पूर्ण नाव विचारून लिहिलं.

"दक्षिणेस?"

ओढा. लिहिलं.

"पश्चिमेस?"

नसरापूरचा रस्ता. तेही लिहिलं.

"उत्तरेस?"

मी म्हणाले, "माझा भाऊ."

त्याने पेन उचललं. चिडला नाही, अगदी सवयीने म्हणाला, "नातं नको बाई, नाव सांगा."

फिजाने माझ्याकडे पाहिलं. काचेतून तू दिसत होतास, फोनवर हसत. इतकी वर्षं मी तुला रागाने लिहीत आले, पण प्रत्येक पत्राच्या वर तुझं नाव लिहिताना मी भावालाच लिहीत होते. शिव्यासुद्धा भावालाच देत होते. परक्या माणसाची कुणी इतकी शिसारी धरतं का?

तो पेन धरून थांबला होता. मागे रांग होती. "उत्तरेस कोण, लवकर सांगा," म्हणाला.

मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. अब्बांच्या नावासकट, आडनावासकट. त्याने ते लिहिलं आणि खाली रेघ मारली.

खुर्शिदा